कुंभार्लीचा चढ आणि क्रेटाचं कोटेशन

प्रश्न : मी कराडला राहते, शाळेत शिक्षिका आहे. घरात आम्ही पाच जण : मी, मिस्टर, अकरावीतला मुलगा आणि सासू-सासरे. सासूबाईंचे गुडघे दुखतात. आमच्या जुन्या छोट्या गाडीत वाकून बसणं त्यांना आता जमत नाही, म्हणून ह्युंदाई क्रेटा घ्यायचं ठरवलं आहे. मिस्टरांची नोकरी साताऱ्याला, ते एसटीने जातात, त्यामुळे गाडी बहुतेक मीच चालवणार. शाळा सहा किलोमीटरवर आहे. महिन्यातून एकदा पुण्याला नणंदेकडे जाणं होतं आणि वर्षातून चार-पाचदा माहेरी चिपळूणला. शोरूममधून कोटेशनं आणली आहेत. मामंजी म्हणतात, डिझेलशिवाय गाडी घेऊच नका. मुलाला टर्बो आणि टॉप मॉडेल हवंय. मला ऑटोमॅटिक हवी, कारण चिपळूणच्या वाटेवरच्या कुंभार्ली घाटात चढावर गाडी मागे सरकली की माझे हातपाय गळतात. ऑन-रोड सतरा लाखांपर्यंत जाऊ शकतो, त्यातले सात लाख कर्जाचे. रोज रात्री जेवताना हाच विषय निघतो आणि रोज वाद होतो. काय घ्यावं?
— एक वाचक, कराड

उत्तर : ताई, माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. साधं दीड लिटरचं पेट्रोल इंजिन, ऑटोमॅटिक, आणि व्हेरियंट ईएक्स ऑप्शनल, म्हणजे यादीतलं खालच्या पायरीवरचं मॉडेल. आता हे का, ते सांगतो. घरात तीन मतं आहेत आणि तिन्हींमागे काही ना काही खरं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कोटेशनं समोर आली की आपली नजर आधी सनरूफ, स्क्रीन आणि अलॉय व्हील्सवर जाते. मी उलटीकडून सुरुवात करायला सांगतो. सीट कव्हर, स्क्रीन, रिव्हर्स कॅमेरा, मागच्या काचांचे पडदे या गोष्टी पुढच्या दिवाळीलाही बसवता येतात. इंजिन, गिअरबॉक्स आणि एअरबॅग नंतर बसवता येत नाहीत. तेव्हा आधी इंजिन आणि गिअरबॉक्स ठरवायचा, आणि ती जोडी ज्या सगळ्यात खालच्या व्हेरियंटमध्ये मिळते तिथून वर बघायला लागायचं. टॉप मॉडेलपासून खाली उतरत गेलं की प्रत्येक पायरीवर काहीतरी हातचं जातंय असं वाटतं आणि माणूस तिथेच अडकतो.

इंजिन ठरतं रनिंगवर. तुम्ही दिलेल्या माहितीवरून मी हिशेब मांडला. शाळेचे जाऊन-येऊन १२ किलोमीटर, वर्षाला २२० दिवस, म्हणजे २,६४०. कराड-पुणे जाऊन-येऊन ३२० धरले तर बारा फेऱ्यांचे ३,८४०. चिपळूणच्या पाच फेऱ्यांचे साधारण १,०००. लग्नकार्य, दवाखाना, बाजार यांचे १,५०० धरले. सगळं मिळून वर्षाला ९,००० किलोमीटरच्या आत-बाहेर.

आता मामंजींचं डिझेल. ईएक्स ऑप्शनल हे व्हेरियंट मार्च २०२५ मध्ये आलं, तेव्हा त्याच्या पेट्रोल ऑटोमॅटिकची एक्स-शोरूम किंमत १४.३७ लाख होती आणि डिझेल ऑटोमॅटिकची १५.९६ लाख. म्हणजे जवळपास १ लाख ६० हजारांचं अंतर. त्यानंतर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला आणि किमती खाली आल्या, तेव्हा नेमका आकडा तुमच्या कोटेशनवरचा घ्या. अंतर फारसं बदललेलं दिसणार नाही. पण खरी मेख पुढेच आहे. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स १२ टक्के आणि त्याच किमतीच्या डिझेल गाडीला १४ टक्के. वरच्या मार्चच्या किमतींवर पेट्रोलचा टॅक्स १ लाख ७२ हजार होतो, डिझेलचा २ लाख २४ हजारांच्या जवळ जातो. ही पन्नास हजारांची भर धरली तर डिझेल तुम्हाला २ लाख १० हजारांनी महाग पडतं, आणि त्यावरचा जास्तीचा इन्शुरन्स मी मोजलेलाच नाही.

हे पैसे परत कधी मिळणार? कंपनीच्या कागदावर पेट्रोल ऑटोमॅटिकचं अ‍ॅव्हरेज १७.७ आहे आणि डिझेल ऑटोमॅटिकचं १९.१. घरच्या वापरात, एसी लावून, पेट्रोलला १३ आणि डिझेलला १६ धरा. पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये लिटर धरलं तर पेट्रोल किलोमीटरला ८ रुपये खाते आणि डिझेल ५ रुपये ७० पैसे. किलोमीटरमागे २ रुपये ३० पैसे वाचले. २ लाख १० हजार वसूल व्हायला ९१ हजार किलोमीटर लागतील. तुमच्या रनिंगने दहा वर्षं. मिस्टर रोज साताऱ्याला गाडीने जाणार असते तर महिन्याला दोन-अडीच हजार किलोमीटर सहज पडले असते आणि मी बिनधास्त डिझेल घ्या म्हटलं असतं. पण ते एसटीने जातात.

मामंजींशी बोलताना एक गोष्ट लक्षात ठेवा. ते चुकीचं बोलत नाहीत, त्यांचा हिशेब त्यांच्या काळचा आहे. २०१२ च्या सुमारास पेट्रोल सत्तरीत होतं तेव्हा डिझेल चाळिशीत होतं. तेव्हा डिझेल गाडी घेणारा माणूस दोन-तीन वर्षांत पैसे वसूल करायचा. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलचे दर खुले केले आणि ते अंतर आटत गेलं. आज लिटरला तेरा-चौदा रुपये उरलंय. हे आकडे कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा. त्या पिढीला हिशेब लगेच पटतो, ‘तुमचं आता जुनं झालं’ हे ऐकणं पटत नाही.

डिझेल नको म्हणण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते मी स्वतः भोगलंय. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. जाळीत काजळी साठली की गाडी ती आपोआप जाळून टाकते, पण त्यासाठी धुराडं चांगलं तापावं लागतं आणि गाडी सलग वीस-पंचवीस मिनिटं चालावी लागते. मधली दोन वर्षं माझं ऑफिस घरापासून पाच किलोमीटरवर होतं. माझ्या डिझेल गाडीने सहाव्या महिन्यात पिवळा दिवा दाखवला. मी दुर्लक्ष केलं. चार दिवसांनी गाडीचा दम गेला, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी ती पुढे जाईना. मेकॅनिक शेजारी बसला, आम्ही हायवेला गेलो आणि त्याने मला तिसऱ्या-चौथ्या गिअरवर, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा अडीच हजारांच्या खाली येऊ न देता अर्धा तास गाडी चालवायला लावली. मागून जळकट वास येत होता. दिवा गेला. पण त्यानंतर दर पंधरा दिवसांनी, कुठे जायचं नसताना, केवळ गाडीसाठी मला हायवेला चक्कर मारावी लागायची. तुमची शाळा सहा किलोमीटरवर आहे. इंजिन धड तापायच्या आत तुम्ही शाळेच्या फाटकात पोचाल. रोज. हे वापरणं डिझेलला मानवत नाही.

आता चिरंजीवांचं टर्बो, म्हणजे दाबून भरलेल्या हवेने जास्त जोर काढणारं पेट्रोल इंजिन. इंजिन फार गुणी आहे, त्याबद्दल वाद नाही. दीड लिटरचंच, पण १६० पीएस ताकदीचं, आणि ओढण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, २५३ न्यूटन-मीटर. साध्या पेट्रोलची ताकद ११५ पीएस आणि टॉर्क १४४. डिझेल ११६ आणि २५०. या आकड्यांत तुमच्या कामाचा आकडा टॉर्कचा. टर्बोचा पूर्ण जोर १,५०० आरपीएमपासूनच, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला दीड हजार फेरे झाले की मिळायला लागतो. साध्या पेट्रोलचा मात्र ४,५०० आरपीएमला. घाटात याचा अर्थ असा, की टर्बो आणि डिझेल गुणगुणत चढतात, साध्या पेट्रोलला चढताना आवाज चढवावा लागतो.

मग टर्बो का नको? पहिलं कारण पैशाचं. २०२४ च्या जानेवारीत हे मॉडेल आलं तेव्हा टर्बो वरच्या एसएक्स ऑप्शनलमध्येच होतं आणि तेव्हाच ते वीस लाखांना टेकलेलं होतं. ईएक्स ऑप्शनल ऑटोमॅटिकच्या तुलनेत ऑन-रोड सहा लाख तरी जास्त जातात. नऊ टक्के व्याजाने पाच वर्षांचं कर्ज धरलं तर लाखाला महिना २,०७६ रुपये हप्ता बसतो, म्हणजे सहा लाखांना साडेबारा हजार. सात लाखांचा हप्ता साडेचौदा हजार आहेच, त्यावर हे. मुलगा अकरावीत आहे, दोन वर्षांत त्याच्या कॉलेजची फी भरायची आहे. त्याला हा आकडा दाखवा आणि त्यालाच विचारा. मला खात्री आहे, तो समजून घेईल.

दुसरं कारण गिअरबॉक्सचं. या टर्बोला सात गिअरचा डीसीटी येतो. त्यात दोन क्लच असतात आणि ते गाडीच दाबते-सोडते. मोकळ्या रस्त्यावर गिअर इतक्या लगेच पडतात की चालवणाऱ्याला कळतही नाही. पण हे क्लच कोरडे असतात, तेलात बुडलेले नसतात. पुण्यात शिरताना नवले पुलापासून इंचाइंचाने सरकावं लागलं, किंवा घाटात ट्रकच्या मागे चढावर अडकून ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवरच गाडी तोलून धरली, की ते तापतात. सराईत ड्रायव्हर ही सवय टाळतो. पण चढावर आधीच धाकधूक असलेल्या माणसाच्या हातून नेमकं तेच होतं.

साध्या पेट्रोलला जो ऑटोमॅटिक येतो त्याला कंपनी आयव्हीटी म्हणते. त्यात पायऱ्या-पायऱ्यांचे गिअर नसतात. दोन पुली आणि त्यांना जोडणारी साखळी, आणि पुलीचा घेर कमी-जास्त होत जातो. त्यामुळे धक्के बसत नाहीत. सासूबाईंना मागच्या सीटवर हे जाणवेल. दोषही सांगतो. ओव्हरटेक करताना अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला की आधी इंजिनाचा आवाज वाढतो आणि वेग मागून येतो, जणू रबर ताणलं जातंय. समोरून ट्रक येत असेल तर हा क्षण जीवघेणा वाटतो. सवय एकच लावायची : दाबायचं ते हळूहळू आणि थोडं आधी, मोकळी जागा नजरेत आल्याबरोबर.

कुंभार्लीबद्दल स्पष्टच बोलू. चिपळूणला जाताना तुम्हाला उतार, परत येताना चढ, आणि परत येताना डिकीत माहेरचे तांदूळ, फणस, नारळ असणार. पाच माणसं आणि एवढं सामान घेऊन घाटाच्या पायथ्याच्या पोफळीपासून वर चढताना हे इंजिन मोठ्याने आवाज करेल. काटा साडेतीन-चार हजारांवर जाईल आणि तुम्हाला वाटेल, गाडीला त्रास होतोय. तसं नसतं. या इंजिनाचा जोर तिथेच आहे, त्याला तिथे जाऊ द्यायचं. गाडी चढेल. वर्षातल्या चार-पाच दिवसांच्या या आवाजासाठी उरलेल्या साडेतीनशे दिवसांचे जास्तीचे पैसे भरावेत असं मला वाटत नाही.

तुमची भीती मात्र मागे सरकण्याची, आणि तिच्यावर उपाय या गाडीच्या अगदी बेस मॉडेलपासून आहे. हिल असिस्ट. चढावर ब्रेकवरून पाय काढला तरी गाडी क्षणभर जागच्या जागी धरून ठेवते, तेवढ्यात पाय अ‍ॅक्सिलरेटरवर जातो. ऑटोमॅटिकमध्ये क्लचचं पेडल नाही, हाफ क्लचची कसरत नाही, बंद पडण्याची भीती नाही. म्हणून मॅन्युअल घेतली तर दीड लाखाच्या आसपास वाचतात हे माहीत असूनही, तुमच्यासाठी ते वाचवू नका असं म्हणतो. जी गाडी तुम्हाला चिपळूणला एकटीने न्यायचा धीर होणार नाही ती स्वस्त पडली काय नि महाग पडली काय.

पेट्रोलबद्दल एक गोष्ट राहिली. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, त्यातलं काही तुमच्याच भागातल्या उसापासून तयार होतं. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं कमी पडतं. इंजिन या पेट्रोलसाठीच बनवलेलं आहे, ती चिंता नको. मी वर १३ चा आकडा धरला तो याच कारणाने हात आखडून.

व्हेरियंट. पूर्वी ऑटोमॅटिक हवी तर एस ऑप्शनलपर्यंत चढावं लागायचं. ईएक्स ऑप्शनल आल्यावर ती त्याच्या खालीच मिळायला लागली, आणि त्यात मोठं सनरूफही आहे, म्हणजे मुलाची अर्धी मागणी पूर्ण झाली. सहा एअरबॅग, गाडी घसरताना सावरणारी ईएससी, पाचही सीटना तीन ठिकाणी बांधलेले पट्टे, हे सगळं बेसपासून टॉपपर्यंत सारखंच आहे. सुरक्षेसाठी वरचं मॉडेल घ्या असं सेल्समन म्हणाला तर त्याचा अर्थ एकच उरतो : अ‍ॅडास, म्हणजे समोरची गाडी पाहून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा. ती एसएक्स टेकपासून आहे. ती खरोखर कामाची गोष्ट आहे, माझ्या मते सनरूफपेक्षा कितीतरी जास्त. बजेट वीस लाखांचं असतं तर मी तुम्हाला ईएक्स आणि एस दोन्ही सोडून सरळ तिथे नेलं असतं. सतरा लाखांत ती बसत नाही, आणि तिच्यासाठी कर्ज वाढवू नका.

एस ऑप्शनल ऑटोमॅटिक सुमारे दीड लाखाने वर आहे. ती घ्यायची की नाही हे ठरवायला दोन्ही व्हेरियंटच्या याद्या शेजारी-शेजारी ठेवा आणि फक्त फरकाच्या गोष्टी एका कागदावर लिहा. प्रत्येकीपुढे लिहा, गेल्या वर्षभरात हिची गरज किती वेळा भासली. बहुतेक ओळींपुढे शून्य येईल. रिव्हर्स कॅमेरा आणि मागच्या काचेचा वायपर या दोन गोष्टी मात्र तपासा. चिपळूणच्या पावसात त्यांची किंमत कळते.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मजबुतीबद्दल माहीत असू द्या. २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या संस्थेने आधीची क्रेटा आपटून पाहिली तेव्हा तिला पाचपैकी तीन तारे मिळाले होते. त्या गाडीत दोनच एअरबॅग होत्या. आता सहा आहेत. त्याच वर्षी स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन यांना पाच तारे मिळाले. त्यांच्यातल्या एक लिटरच्या टर्बोला १७८ न्यूटन-मीटर टॉर्क आहे आणि जुन्या पद्धतीचा, तापाची कटकट नसलेला ऑटोमॅटिक. मागे तिघांना जागा क्रेटाइतकी ऐसपैस नाही. घरचे सगळे निघालात की तुमच्या मागच्या सीटवर तिघं असणार, म्हणून मी क्रेटाच्या बाजूने आहे. पण बुकिंगआधी एक रविवार त्या दोन गाड्यांत बसून बघण्यात घालवा.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवतीच्या चकरेवर भागवू नका. फोनवरच सांगा, पेट्रोल आयव्हीटीच हवी. टर्बोत बसवून साध्या पेट्रोलचं बुकिंग घेणारे असतात. घरचे पाचही जण न्या. पाटणच्या रस्त्यावर एखादा चढ गाठा, मध्यावर थांबा, ब्रेक सोडा, मनात एक म्हणा आणि निघा. दोनदा, तीनदा करा. मग उतारावर सेल्समनला सांगा, ब्रेक न दाबता वेग कसा आवरायचा ते हाताने दाखव. कुंभार्ली उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापतात, तिथे इंजिनानेच वेग धरायचा असतो.

आणि सासूबाईंना मागच्या दाराने तीनदा चढू-उतरू द्या. माझी आई आमच्या गाडीत बसताना आधी पाठमोरी होऊन सीटवर टेकते, मग एका हाताने वरचं हँडल धरून पाय आत घेते. सीट नेमकी तिच्या कमरेच्या उंचीला आहे म्हणून हे जमतं. शेजारच्यांची गाडी चार बोटं उंच आहे आणि तीत तिला चढताच येत नाही. उंच गाडी गुडघ्यांना सोपी असतेच असं नाही. सासूबाईंची उंची किती ते तुम्ही लिहिलं नाहीत. त्यांना टेकता आलं, पाय आत घेता आले आणि उतरताना कुणाचा हात लागला नाही, तर त्याच दिवशी बुकिंगचे पैसे भरा.